राजीनामा कोणत्या क्रमाने द्यावा? साहेबांना आधी सांगावे की थेट पत्र पाठवावे?

चकाला_जंक्शन :

नमस्कार. अंधेरी पूर्वेला आयात-निर्यातीच्या कागदपत्रांचे आणि कस्टम क्लिअरन्सचे काम करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत मी ऑगस्ट २०२१ पासून नोकरी करते. न्हावा शेवा बंदरातून निघणाऱ्या मालाची शिपिंग बिले (कस्टमला द्यायचे निर्यातीचे अर्ज) दाखल करणे, शिपिंग लाइनकडून म्हणजे जहाज कंपनीकडून बिल ऑफ लेडिंग (माल ताब्यात घेतल्याचा दस्तऐवज) मिळवणे आणि माल अडकला की ग्राहकाचे फोन घेणे, असे माझ्या कामाचे साधारण स्वरूप आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातील एका औषध कंपनीच्या लॉजिस्टिक्स विभागात माझी निवड झाली असून त्यांचे ऑफर लेटर ईमेलने आले आहे. नोकरी सोडायची हे घरात बोलून ठरले आहे. ती कशी सोडावी, याबद्दल मला अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

आमच्या कंपनीच्या संगणक प्रणालीत राजीनाम्यासाठी एक बटण आहे. ते दाबले की एचआर, विभागप्रमुख आणि संचालक या तिघांना एकाच क्षणी ईमेल जातो. माझ्या विभागप्रमुखांनी हे काम मला अगदी पहिल्या इन्व्हॉइसपासून शिकवले आहे, त्यामुळे त्यांना ही बातमी ईमेलमधून कळावी हे मला बरे वाटत नाही. उलट माझी एक सहकारी म्हणते की आधी बोलायला गेलीस तर सर गळ घालतील, संचालकांकडे घेऊन जातील आणि मग तुझ्या तोंडून नकार निघणार नाही. म्हणून आधी बटण दाब आणि मग केबिनमध्ये जा.

शिवाय बाकीच्या गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. नोटीस ९० दिवसांची आहे आणि नव्या कंपनीला मी ४५ दिवसांत हवी आहे. मार्चएंड तोंडावर आला आहे आणि वार्षिक बोनस एप्रिलच्या पगारात येतो. ऑगस्टमध्ये माझी पाच वर्षे पूर्ण होतात. त्याआधी निघाले तर ग्रॅच्युइटीवर पाणी सोडावे लागेल का, हेही कळत नाही.

निवृत्त_मुलुंडकर :

मी विक्रोळीच्या एका कारखान्यात अनेक वर्षे विभागप्रमुख होतो आणि त्या काळात पुष्कळ राजीनामे हातात घेतले, त्यामुळे साहेबाच्या खुर्चीतून काय दिसते तेवढे सांगतो. हाताखालचा माणूस सोडून जातो याचे साहेबाला फार वाईट वाटतेच असे नाही, कारण माणसे येतात आणि जातात हे त्यालाही ठाऊक असते. परंतु ही बातमी त्याला एचआरकडून किंवा कॅन्टीनमधून कळली तर ती तो विसरत नाही. संचालक फोन करून ‘तुमच्या विभागात चालले आहे तरी काय?’ असे विचारतात तेव्हा त्याच्याकडे उत्तर नसते, आणि आपल्याच माणसाने आपल्याला तोंडघशी पाडले असे त्याला वाटते. तुम्ही आधी सांगितले तर ते उत्तर तयार करायला त्याला निदान अर्धा दिवस मिळतो. तेवढ्यासाठीच आधी सांगायचे असते.

वेळ मात्र नीट निवडावी. सोमवारी सकाळी साहेबांच्या डोक्यावर आठवड्याचा डोंगर असतो आणि शुक्रवारी संध्याकाळी त्यांचे लक्ष गाडीकडे असते. मधल्या एखाद्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीनंतर, पंधरा मिनिटे मागून घ्यावीत, दार लावून बसावे आणि पहिल्याच वाक्यात सांगून टाकावे : ‘सर, मी दुसरी नोकरी स्वीकारली आहे आणि आज संध्याकाळी राजीनामा पाठवते आहे.’ पुष्कळ जण इथेच घोळ घालतात. दहा मिनिटे प्रस्तावना करतात, घर किती लांब पडते ते सांगतात आणि शेवटी ‘तुम्हाला काय वाटते, सर?’ असे विचारतात. सल्ला मागितला की समोरचा सल्ला देणार, आणि तो ‘थांब’ असाच असणार. तुमच्या सहकारी म्हणतात ती गळ अशा वेळी पडते.

आणखी एक. सासूबाईंची तब्येत, मुलाची दहावी, गावाकडची जमीन असली कारणे पुढे करू नयेत. न्हावा शेव्याच्या व्यवसायात सगळे सगळ्यांना ओळखतात. महिन्याभरात तुम्ही नव्या कंपनीच्या वतीने त्याच शिपिंग लाइनला फोन करणार आहात. नव्या कंपनीचे नाव सांगायचे नसेल तर ‘रुजू झाल्यावर कळवीन, सर’ एवढे म्हणणे पुरेसे असते आणि शहाणा साहेब त्यापुढे विचारत नाही.

खवचट :

काकांविषयी आदर बाळगून वेगळा सूर लावतो. कंपनीला माणूस नको झाला की सकाळी साडेनऊ वाजता लॅपटॉप बंद होतो आणि बाराच्या आत टेबल रिकामे करून घेतले जाते, तेव्हा कोणी दार लावून पंधरा मिनिटे बसत नाही. मग शिष्टाचाराचे ओझे एकट्या नोकरदारानेच का वाहावे? बटण त्यांनीच बसवले आहे. ते दाबण्यात उद्धटपणा कसला?

तरीही माझा खरा आक्षेप निराळा आहे. ताई, तुमच्या हातात फक्त ईमेलने आलेले ऑफर लेटर आहे. त्यावर तुम्ही स्वीकृती कळवली आहे का? पार्श्वभूमी पडताळणी आणि वैद्यकीय तपासणी झाली आहे का? ‘पडताळणी समाधानकारक झाल्यास’ अशी अट बहुतेक पत्रांत असते आणि त्या अटीवर बोट ठेवून ऑफर मागे घेतल्याची उदाहरणे मी माझ्याच मित्रमंडळींत पाहिली आहेत. पद, पगाराची फोड, रुजू होण्याची तारीख आणि कामाचे ठिकाण हे सगळे सहीनिशी हातात येईपर्यंत कोणत्याही केबिनचे दार ठोठावू नका.

एचआर_बाई :

खवचट यांचा दुसरा परिच्छेद सोनाराने कान टोचावेत तसा आहे. पहिल्याशी मी सहमत नाही, पण तो वाद इथे नको.

मी पवईच्या एका कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे. चकाला_जंक्शन, तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे की बोलणे आणि बटण दोन्ही एकाच दिवशी उरकावे. तोंडी राजीनाम्याला तारीख नसते. केबिनमध्ये तुम्ही १० तारखेला बोललात आणि सरांनी ‘दोन दिवस विचार कर’ म्हणून तुम्हाला २५ तारखेपर्यंत ताटकळत ठेवले, तर नोटीस २५ पासून मोजली जाते आणि मधले पंधरा दिवस कोणी भरून देत नाही. म्हणून दुपारी बोला आणि संध्याकाळी घरी निघण्यापूर्वी बटण दाबा. त्या ईमेलची प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावरही ठेवा, कारण शेवटच्या दिवशी कंपनीचा मेलबॉक्स बंद झाल्यावर तोच तुमच्याकडचा एकमेव पुरावा असतो. पत्रात राजीनाम्याची तारीख, नोटिशीनुसार येणारा शेवटचा दिवस, लवकर मुक्त करण्याची विनंती असल्यास तो दिवस आणि आभाराचे एक वाक्य असावे. कारणे लिहू नयेत. तक्रारी तर मुळीच लिहू नयेत. ते पत्र तुमच्या फाइलमध्ये राहते आणि पुढे तुम्हाला न ओळखणारे लोक ते वाचतात.

बोनसबद्दल नियुक्तिपत्र आणि बोनसचे धोरण शब्दशः वाचा. वाटपाच्या दिवशी कर्मचारी सेवेत असला पाहिजे एवढीच अट काही कंपन्या घालतात. काही ठिकाणी तो नोटिशीवर नसावा असेही लिहिलेले असते. पहिली अट असेल तर आज राजीनामा देऊनही एप्रिलच्या पगारात बोनस मिळायला हवा. दुसरी असेल तर बोनस खात्यात जमा झाल्यावर पत्र देण्यात मला काहीही गैर वाटत नाही, कारण तो सरलेल्या वर्षाच्या कामाचा मोबदला आहे. एप्रिलमधल्या पगारवाढीचे मात्र उलट आहे. वाढीच्या पत्रावर हसतमुखाने सही करून आठवड्याभरात राजीनामा दिला, तर ज्या साहेबांनी त्या वाढीसाठी शब्द खर्च केला त्यांचा पुढच्या वर्षीचा शब्द हलका होतो.

आणि नव्या कंपनीला ४५ दिवसांचे वचन आताच देऊ नका. ९० दिवसांची नोटीस मुंबईतल्या कंपन्यांना नवी नाही. ‘लवकर सुटण्याचा प्रयत्न करते, लेखी मुक्तता मिळाली की तारीख कळवते’ असे सांगितलेले त्यांना चालते. तारखा वारंवार बदलणारा उमेदवार आम्हाला रुजू होण्याआधीच खटकू लागतो.

हिशेबनीस :

ग्रॅच्युइटीचे मी सांगतो, कारण वेतनपत्रके करण्यातच माझे आयुष्य चालले आहे.

१९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने पाच वर्षांच्या सलग सेवेची अट घातली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि ग्रॅच्युइटी सामाजिक सुरक्षा संहितेत गेली. तिथेही कायम कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांची अट कायम आहे, ठरावीक मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्याला मात्र आता एका वर्षानंतरच ती मिळते. समाजमाध्यमांवर ‘आता सगळ्यांना एका वर्षात ग्रॅच्युइटी’ असे जे फिरते, त्यात ही मेख सांगितलेली नसते.

आता तुमची चार वर्षे आणि वरचे महिने. ‘सलग सेवा’ कशाला म्हणावे याची व्याख्या कायद्यात आहे : वर्षात २४० दिवस काम झाले, किंवा आठवड्यात सहापेक्षा कमी दिवस काम चालणाऱ्या आस्थापनेत १९० दिवस झाले, की ते वर्ष सलग धरले जाते. या व्याख्येच्या आधारे मद्रास उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मेट्टूर बिअर्डसेल प्रकरणात असा अर्थ लावला की चार वर्षे पूर्ण करून पाचव्या वर्षात इतके दिवस भरलेला कर्मचारी ग्रॅच्युइटीस पात्र ठरतो. पुष्कळ कंपन्या हे मानतात. मुंबईतल्या काही कंपन्यांचे वित्त विभाग मात्र पूर्ण पाच वर्षांवर अडून बसतात आणि मग कामगार खात्याच्या अधिकाऱ्याकडे दाद मागावी लागते. म्हणून शेवटचा दिवस पक्का करण्यापूर्वी एचआरला लेखी विचारा की पाचवे वर्ष कसे मोजणार. तुमच्याकडे पाच दिवसांचा आठवडा आहे का, हे आधी सांगा.

रकमेचा अंदाज असा. शेवटच्या वेतनाला १५ ने गुणून २६ ने भागायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, त्यामुळे पात्र ठरलात तर तुमची पाच वर्षे धरली जातील. मूळ वेतन ४०,००० असेल तर रक्कम सुमारे १,१५,३८५ रुपये होते. नव्या संहितेत वेतनाची व्याख्याही बदलली आहे : वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा. म्हणजे एकूण १,००,००० आणि मूळ वेतन ४०,००० अशी फोड असेल तर ढोबळमानाने ५०,००० वर हिशेब होऊन रक्कम १,४४,२३१ च्या आसपास जाते. फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. तेव्हा लवकर सुटण्याच्या घाईत दर आठवड्याला आपण पाचव्या वर्षाचे दिवस कमी करत आहोत, हेही डोक्यात ठेवा.

नवी_भरती :

धाग्याला धरूनच विचारतो. मला रुजू होताना दोन वर्षांचा बाँड लिहून घेतला आहे आणि ‘सोडल्यावर एक वर्ष प्रतिस्पर्धी कंपनीत काम करणार नाही’ असेही कलम आहे. चकाला_जंक्शन यांच्या नियुक्तिपत्रात असे कलम नसेलच असे नाही. त्याचे काय करावे?

कोर्टाची_पायरी :

दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करण्यावर घातलेली बंदी १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ नुसार सामान्यतः अवैध ठरते. सर्वोच्च न्यायालयाचा १९८० चा सुपरिटेंडन्स कंपनीचा निवाडा याच बाजूचा आहे. नोकरी चालू असताना घातलेली बंदी मात्र चालते. याचे जुने उदाहरण आपल्या जवळचेच आहे. कल्याणला सेंच्युरीच्या टायरकॉर्डच्या कारखान्यात एका शिफ्ट पर्यवेक्षकाने पाच वर्षांचा करार केला, परदेशी सहयोगी कंपन्यांकडून आलेले तंत्र शिकला आणि मुदत संपण्यापूर्वीच कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये कराराच्या उरलेल्या मुदतीपुरती त्याच्यावरची मनाई कायम ठेवली. करार मध्येच मोडून स्पर्धकाकडे जाणे आणि रीतसर सोडून जाणे, यांकडे न्यायालय एका नजरेने पाहत नाही.

बाँडबाबत २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षे सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. त्यावरून प्रत्येक खासगी कंपनीचा प्रत्येक बाँड पक्का ठरत नाही, कारण तिथे सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकेच्या भरतीचा खर्च आणि प्रक्रिया विचारात घेतली गेली होती. पण बाँड म्हणजे रद्दी कागद, असा सल्ला देणाऱ्यांपासून दूर राहावे.

नोटिशीबद्दल : मनाविरुद्ध कोणालाही कामावर बसवून ठेवता येत नाही, व्यक्तिगत सेवेच्या कराराची सक्तीने अंमलबजावणी न्यायालय करत नाही. कंपनी नुकसानभरपाई किंवा उरलेल्या नोटिशीचा पगार मागू शकते. चकाला_जंक्शन, ‘नोटीस किंवा नोटिशीऐवजी वेतन’ असे कलम तुमच्या पत्रात असेल तर हा पर्याय दोघांना दिला आहे की फक्त कंपनीला, आणि ते वेतन म्हणजे मूळ वेतन की एकूण पगार, एवढे दोन शब्द शोधा. फक्त कंपनीला दिला असेल तर तुम्ही पैसे भरायला तयार असूनही कंपनी नाही म्हणू शकते. न सांगता निघून जाणे हा पर्याय समजूच नका. मुक्तिपत्र (रिलीव्हिंग लेटर) अडकते आणि नव्या ठिकाणी पहिल्याच आठवड्यात खुलासे द्यावे लागतात.

ठाणे_लोकल :

सगळे कसे निघावे ते सांगत आहेत. काम कसे सोपवावे याबद्दल कोणी बोललेले नाही. तुमच्या व्यवसायात ते सर्वांत नाजूक आहे. मी याच क्षेत्रात आहे म्हणून नेमके सांगतो.

आइसगेटवर, म्हणजे कस्टमच्या संकेतस्थळावर, शिपिंग बिले दाखल करण्यासाठी डिजिटल सही लागते. ती सही तुमच्या नावाची असेल आणि तिचा टोकन (पेनड्राइव्हसारखी वस्तू) टेबलाच्या खणात पासवर्डच्या चिठ्ठीसह पडून राहत असेल, तर तुम्ही गेल्यावर एखाद्या चुकीच्या वर्गीकरणाच्या बिलाखाली तुमचे नाव दिसू शकते. दुसऱ्याच्या सहीची नोंदणी करून घ्या, आपली रद्द करून घ्या आणि तसे झाल्याचा ईमेल मागून घ्या. कस्टमचे जी कार्ड (कस्टम क्लिअरन्सचे काम करण्याचे ओळखपत्र) तुमच्या नावावर असेल तर ते परत केल्याची पोचही घ्या.

यानंतर येते ते ओटीपीचे प्रकरण. शिपिंग लाइनची संकेतस्थळे, बँकेचे निर्यात-विभागाचे खाते, कंटेनर यार्डाचे ॲप अशा ठिकाणी नोंदणीच्या दिवशी घाईत कोणीतरी ‘तुझाच नंबर टाक ना’ म्हणालेले असते. माणूस नोकरी सोडतो, पण ओटीपी त्याला सोडत नाही. आमच्या इथल्या एका बाईंना त्या दुसरीकडे रुजू झाल्यावरही रात्री साडेनऊला फोन जायचे, ‘मॅडम, एक ओटीपी आला असेल बघा, गेट बंद व्हायला आला आहे.’ त्या स्वभावाने भिडस्त, रोज सांगत राहिल्या आणि नव्या कंपनीत कोणाच्या कानावर गेले असते तर त्यांच्याबद्दलच प्रश्न उभे राहिले असते. तेव्हा आपला मोबाइल नंबर कुठे कुठे आहे याची यादी आजच सुरू करा. ती आठवून एका दिवसात होत नाही, ओटीपी येईल तसतशी भरत जाते. शेवटच्या दोन आठवड्यांत प्रत्येक ठिकाणचा नंबर बदलून घ्या आणि शक्य तिथे कोणाही व्यक्तीऐवजी कंपनीचा नंबर घाला.

सोपवणीची टिपणे लिहिताना ‘अमुक ग्राहकाचे काम पाहणे’ असे लिहू नये. तो ग्राहक मूळ बिल ऑफ लेडिंग मागतो की टेलेक्स रिलीज (मूळ कागदाशिवाय माल सोडण्याचा संदेश), त्याच्या बँकेला इन्व्हॉइसवर कोणते वाक्य लागते, त्यांच्याकडे खरा निर्णय कोण घेते, हे लिहावे. तुम्ही सुटल्यावर फोन येणार की नाही, ते या टिपणांवर ठरते. मात्र ही टिपणे कंपनीच्याच यंत्रणेत ठेवा. ग्राहकांची यादी किंवा दरपत्रके स्वतःच्या जीमेलवर पाठवण्याचा मोह अनेकांना होतो. परवानगीवाचून संगणकातला डेटा उतरवून घेणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ चा विषय आहे आणि शेवटच्या महिन्यात आयटीवाले नेमके तेच पाहत असतात.

चकाला_जंक्शन :

सर्वांचे मनापासून आभार. नव्या कंपनीकडून पडताळणी पूर्ण झाल्याचे सहीचे पत्र आले. आमच्या धोरणात वाटपाच्या दिवशी सेवेत असण्याचीच अट निघाली, म्हणून काल दुपारी सरांना सांगितले आणि संध्याकाळी बटण दाबले.

मुलुंडकर काका, पहिल्याच वाक्यात सांगितले. सर थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग ‘किती देतात?’ असे विचारले आणि मी आकडा सांगण्याआधीच ‘नको, सांगू नकोस, मग मला वर जावे लागेल’ म्हणाले. त्यांनी एकच मागितले : मार्चएंड पूर्ण करून दे. आज सकाळी संचालकांनी बोलावून पगार वाढवून देण्याची तयारी दाखवली. मी आभार मानून नकार दिला, पण मनात चलबिचल झाली हे खरे. मे महिन्याच्या मध्यावर मुक्त करण्यास ते तोंडी तयार आहेत आणि नवी कंपनीही तोवर थांबेल. हिशेबनीस दादा, आमचा आठवडा पाच दिवसांचाच आहे.

एचआर_बाई :

नकार दिलात ते माझ्या दृष्टीने योग्यच झाले. राजीनामा दाखवल्यावर मिळालेली वाढ बहुतेक वेळा पुढच्या वर्षीच्या वाढीतूनच उचललेली असते आणि कपातीची यादी करताना ‘ही एकदा निघाली होती’ हे कोणाच्या तरी लक्षात असते. पगार हे सोडण्याचे एकमेव कारण असते आणि वाढ लेखी, पदासह, राजीनामा मागे घेण्यापूर्वी हातात पडली असती, तर कदाचित मी वेगळे म्हटले असते.

आता मेच्या तारखेला तोंडी तयारीवर राहू नका. ‘आज झालेल्या चर्चेनुसार माझा शेवटचा दिवस अमुक राहील आणि उरलेल्या नोटिशीची वसुली होणार नाही’ असा ईमेल तुम्हीच आजच्या आज पाठवा आणि उत्तर मागवा. सही करणाऱ्या माणसाची मेमध्ये बदली झाली तर तुमच्याकडे दाखवायला काही तरी हवे.

हिशेबनीस :

पाच दिवसांचा आठवडा म्हणजे तुम्हाला १९० दिवसांचा निकष. ऑगस्ट ते मेचा मध्य एवढ्या काळात कामाचे दिवस साधारण दोनशेच्या आसपास होतात आणि पगारी रजाही मोजली जाते. बिनपगारी रजा झाली असेल तर ती वजा करा. काठावर आहात. हजेरीचा तक्ता प्रणालीतून आताच काढून ठेवा आणि गणित जुळत नसेल तर एक-दोन आठवडे पुढे ढकलण्याची बोलणी तारीख लेखी होण्यापूर्वीच करा.

भविष्यनिर्वाह निधी काढू नका, यूएएनमधून (निधीच्या कायम खातेक्रमांकातून) नव्या कंपनीकडे वळवा. सेवा सलग धरली जाते आणि पाच वर्षांच्या आत काढल्यास लागणारा करही टळतो. जुन्या कंपनीने बाहेर पडल्याची तारीख नोंदवली नाही तर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतःला आधारच्या ओटीपीने नोंदवता येते. वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकते करण्याची तरतूद आहे. व्यवहारात कंपन्या हिशेबाला महिना-दीड महिना घेत आल्या आहेत, तेव्हा हे कलम सौम्य शब्दांत आठवण करून द्यायला उपयोगी पडते. एप्रिल आणि मेच्या पगाराचे विवरण नव्या कंपनीला द्या, नाहीतर दोन्हीकडे करसवलती धरल्या जाऊन वर्षअखेरीस एकदम कर भरावा लागतो.

आई-वडील कंपनीच्या गट आरोग्य विम्यात असतील तर तो विमा शेवटच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, पण चौकशी आधी करावी लागते.

चकाला_जंक्शन :

तक्ता काढते. एक शेवटचे विचारते : निरोपाचा ईमेल ग्राहकांनाही पाठवावा का? आणि कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटांतून केव्हा बाहेर पडावे?

निवृत्त_मुलुंडकर :

ग्राहकांना तुम्ही स्वतंत्रपणे लिहू नये. सरांना विचारून, तुमच्या जागी येणाऱ्या माणसाचा परिचय करून देणारा ईमेल दोघांच्या नावाने जावा. त्यात नव्या कंपनीचे नाव नसावे. सहकाऱ्यांना शेवटच्या दिवशी चार ओळी पुरेत. ज्यांनी खरोखर मदत केली त्यांना ईमेल न पाठवता टेबलापाशी जाऊन भेटावे. यात शिपाईदादा आणि न्हावा शेव्याला उन्हात उभे राहून तुमचे कंटेनर सोडवणारी मुले आधी येतात.

ठाणे_लोकल :

कामाच्या गटांतून शेवटच्या दिवशी संध्याकाळी, ‘सोपवणी पूर्ण झाली आहे, यापुढे अमुक यांच्याशी संपर्क साधावा’ एवढे लिहून बाहेर पडावे. काही गटांची ॲडमिन तुम्हीच असाल, तर आधी दुसऱ्याला ॲडमिन करा. लिंक्डइनवर नवे पद मुक्तिपत्र हातात आल्यावरच टाका.